जुन्नरचं माप

चैत्र लागला की लोणीच्या शिवारात जागोजागी कांद्याचे ढीग दिसू लागतात आणि माझा हात आपोआप वही शोधू लागतो. वाचनालयातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. आता कुणाला अहवाल द्यायचा नाही की कपाटं उघडून पुस्तकं ताडून बघायची नाहीत. तरीही उन्हात सुकणाऱ्या पातीचा तो उग्र वास नाकात शिरला की मनात पहिल्यांदा वर्षअखेर येते. सभासद किती, पुस्तकं किती, देवघेव किती. सून चेष्टेनं म्हणते, "आई, कांद्यानं लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, तुमच्या डोक्यात आकडे कसे येतात?" तिला काय सांगणार! वाचनालय म्हणजे काय, हे मला नोकरीला लागल्यावर कितीतरी वर्षांनी, कांद्याच्या एका हंगामात कळलं.

मी मूळची चौकस. हा झाला चांगला शब्द. माझ्या सासूबाई त्याला नाक खुपसणं म्हणायच्या. कुणाकडे गेले की कपाटात पुस्तकं किती, त्यातली हात लागलेली किती, भिंतीवरचं कॅलेंडर कुठल्या दुकानाचं, हे सगळं चहा येण्याआधी माझं बघून झालेलं असे. ग्रंथपाल व्हायला एवढा गुण पुरत असावा, कारण नेमणुकीच्या वेळी समितीनं मला दुसरं फारसं काही विचारलं नव्हतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमचं वाचनालय म्हणजे एक खोली, तीन लोखंडी कपाटं, एक लांब बाक आणि वर्तमानपत्रांचं उतरतं टेबल. सरकारदरबारी वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. आम्ही ड, म्हणजे अगदी तळाला. पुस्तक परत आणायला मुदत नव्हती. "वाचून झालं की आणा," एवढाच नियम. लोणीची निम्मी वस्ती गावठाणात, निम्मी लांब लांब मळ्यांत. मळ्यातली माणसं बाजारच्या दिवशी यायची, मिठामिरचीच्या पिशवीत पुस्तक टाकून न्यायची.

त्यांच्यात सोनामावशी होती. पन्नाशीच्या आसपासची, उंच, काटक. साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा सगळ्या मळ्यानं तिला वेड्यात काढलं होतं, तरी ती कंदील घेऊन रोज जायची. वर्ग बंद पडले, बरोबरच्या बायका अक्षरं विसरून गेल्या. हिनं मात्र सरळ येऊन वाचनालयाचं सभासदत्व घेतलं. एक पुस्तक तिला महिना-दीड महिना पुरे. परत देताना ती टेबलापाशी उभी राहून मला गोष्ट सांगायची. पुस्तकातल्या सुनेनं घर सोडायला नको होतं, तो भाऊ पहिल्यापासून लबाडच होता, असं सगळं. सगळ्या वाचकांमध्ये माझा तिच्याकडे ओढा जास्त होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

वाचनालयाचे अध्यक्ष कांतीशेठ. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. शेठचं कापडाचं दुकान, आणि बोलणं ऐकलं तर अस्सल आमच्याकडचं. त्यांची एक पद्धत होती. महिन्यातून एकदा ते मंचर, नारायणगावच्या बाजारात चक्कर मारत आणि दुसऱ्यांच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून बसत. कुठली साडी पुढं मांडलीय, कुठला गठ्ठा धूळ खातोय, सगळं पाहून येत. मग आपल्या दुकानाची मांडणी बदलत. मार्गशीर्षातल्या एका दुपारी त्यांनी मला दुकानात बोलावलं.

"बाई, आपलं वाचनालय कसं चाललंय?"

"चांगलं चाललंय की, शेठ."

"कुनाच्या मानानं?"

इतकी वर्षं मी "चांगलं चाललंय" म्हणत होते आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. चौकस बाईला हे लागलंच. आपण चांगले की वाईट हे एकट्यानं कसं ठरवायचं? आमची आई शेजारणीकडून वाटीभर आमटी मागवून घ्यायची, आपली आमटी कशी झालीय ते कळावं म्हणून. शेठ तेच सांगत होते, फक्त वाटी मोठी होती.

"पुढच्या पाच वर्साचा आराखडा करायचाय," ते म्हणाले. "अंदाजपंचे न्हाई करायचा. जुन्नरला लई जुनं, मोठं वाचनालय हाय. तुमी जाऊन बघा. त्यांचं काय, आपलं काय, दोन रकाने पाडा. मंग ठरवू."

मला तर सहलीचा आनंद. थंडीत काचा न लागणाऱ्या एसटीत कुडकुडत मंचर, नारायणगाव करत मी जुन्नरला उतरले. शिवनेरी अजून धुक्यात होता. वाचनालयाचं दार उघडायच्या आधी माणसं पायरीवर उभी होती, हे मी आधी लिहून घेतलं. तिथले ग्रंथपाल पिकल्या मिशांचे, सगळे त्यांना काका म्हणायचे. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर त्यांनी चाव्यांचा जुडगाच माझ्यापुढं ठेवला.

"बघा काय बघायचं ते. झाकण्यासारखं काही नाही."

किती बघू आणि किती नको, असं मला झालं. कपाटांवर विषयांच्या पाट्या होत्या. स्पर्धा परीक्षांचं वेगळं कपाट होतं, बायकांसाठी दुपारची वेळ होती. देवघेवीचं रजिस्टर तर मी अधाशासारखं उतरवून घेतलं. आमची महिन्याची देवघेव ते एखाद्या सकाळी करत असतील. हे कसं जमतं ते शोधता शोधता माझं लक्ष पुस्तकाला चिकटवलेल्या चिठ्ठीकडे गेलं. मुदत सात दिवस. मला गुपित सापडल्यासारखं झालं. पुस्तक लवकर परत येतं, म्हणून लवकर पुढं जातं! परतीच्या एसटीत मी दोन रकान्यांची वही मांडीवर उघडी ठेवूनच बसले होते.

समितीची बैठक झाली, आराखडा ठरला. पहिल्या वर्षी सात दिवसांची मुदत आणि देवघेव दुप्पट. दुसऱ्या वर्षी स्पर्धा परीक्षांचं कपाट. तिसऱ्या वर्षी क वर्ग. क वर्ग मिळाला की पुस्तकं वाढणार होती आणि मोठी जागा मागता येणार होती. आराखडा शेठनं सुवाच्य अक्षरात लिहून घेऊन भिंतीवर लावला. मला अजूनही वाटतं, त्या कागदात वाईट असं काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी माझ्या पदरची घातली. आमच्याकडे गावाला काही सांगायचं असलं की ते फळ्यावर लिहायची रीत आहे. ग्रामसभा असो, पोलिओचे डोस असोत, कुणाची हरवलेली शेळी असो, सगळं फळ्यावर. तेव्हा मीही दारात फळा लावला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘पुस्तक अडवून ठेवलेले सभासद’. खाली नावं. जुन्नरला असलं काही नव्हतं. ते माझंच डोकं.

आकडे वाढले. भराभरा वाढले. स्टँडजवळची कॉलेजची पोरं सोमवारी पुस्तक न्यायची, शनिवारी आणून टाकायची. एक निवृत्त तलाठी तर न वाचताच परत करायचे आणि मिश्कीलपणे म्हणायचे, "बाई, तुमच्या रजिस्टराला हातभार." मी हसायचे आणि नोंद करायचे. मकर संक्रांतीला शेठनं समितीला तिळगुळाबरोबर माझे आकडे वाचून दाखवले. मला त्या दिवशी साडीच्या घड्या सारख्या नीट कराव्याशा वाटत होत्या, इतकी मी फुशारले होते.

आजकाल टीव्हीवर कशाचेही क्रमांक सांगतात. शहरं, शाळा, दवाखाने, कुणीतरी पहिलं, कुणीतरी सत्ताविसावं. नातू तोंडपाठ म्हणून दाखवतो. मी त्याला विचारते, "मोजणारा कुठं उभा राहिला होता रे?" त्याला वाटतं आजी काहीतरी विनोद करतेय.

फाल्गुनात वर्षअखेरीची पडताळणी सुरू केली. सभासदांची कार्डं लाकडी खोक्यात उभी लावलेली असत. एकेक कार्ड काढून शेवटची तारीख बघायची, असं काम. स्टँडजवळच्यांची कार्डं तारखांनी भरून दुसरी जोडावी लागली होती. मग मळ्यांची कार्डं हातात आली. पहिलं कोरं, म्हणजे पौषानंतर काहीच नाही. दुसरंही तसंच. मी चष्मा पुसला. एका मळ्याचं झालं, दुसऱ्याचं झालं, पौषानंतर एकाही कार्डावर तारीख नव्हती. सोनामावशीच्या कार्डावर शेवटची नोंद पुस्तक परत केल्याची होती आणि त्यानंतर तिनं नवं नेलंच नव्हतं.

मी तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. बाजारचा दिवस असणार. ती टेबलापाशी थांबली होती का? गोष्ट सांगितली होती का? मला काही आठवेना, कारण त्या दिवशी माझ्यापुढं रांग होती आणि रांगेचं मला कौतुक होतं.

चैत्रात तिच्या मळ्यात गेले. कांदा उपटून पातीसकट सुकायला शेतातच पोळी घातली होती आणि बाभळीच्या सावलीत सोनामावशी धरून अकरा बायका ओळीनं बसून विळ्यानं पात कापत होत्या. मधोमध एक ट्रान्झिस्टर खरखरत होता. सोनामावशी मला बघून उठली, पाणी दिलं, पण नजर दिली नाही.

मी विचारलं, "मावशी, वाचनालयात येणं सोडलंत?"

"कामं लई हायेत, बाई."

शेजारची तरणी बाई फटकन म्हणाली, "कामं कसली! मागल्या सालापर्यंत ही आमाला वाचून दावायची. आमी हिच्या वाटचा बी कांदा कापायचो आन् ही वाचायची. निम्मी गोष्ट ह्या वावरात, निम्मी दुसऱ्या वावरात. औंदा पुस्तकच न्हाई."

मी बाकीच्या दहा जणींकडे बघत राहिले. सोनामावशीला एक पुस्तक दीड महिना का पुरतं, याचं उत्तर माझ्यासमोर विळे घेऊन बसलं होतं. रजिस्टरात त्याची एकच नोंद व्हायची.

"मुदत वाढवून मागायची होती ना," मी म्हणाले. माझा मलाच आवाज बारीक वाटला.

तेव्हा ती बोलली. "सात दिसात माजी आठ-दहा पानं व्हत्यात. तरी नेलं व्हतं मी. उशीर झाला. आनून द्यायला आले तर दारात फळा. लोकं वाचत व्हती. मी बी वाचलं." तिनं पदरावरची पात झटकली. "आयुष्यात पयल्यांदा माजं नाव कुटं लिव्हलेलं दिसलं, बाई. आन् ते मला वाचता आलं."

मला त्या क्षणी तिथून उठून पळून जावंसं वाटलं. लाज वाटली, नुसती लाज. ट्रान्झिस्टरवर बाजारभाव सांगत होते.

"आता जोडाक्षरं सुटाया लागलीत," ती विळा उचलत म्हणाली. "बसच्या पाटीवर बी आडखळते. जाऊ द्या. आमचं काय आडलंय."

पण अडलं होतं. मला दिसत होतं. इतक्या कष्टानं मिळवलेली अक्षरं तिच्या हातून एकेक करून चालली होती आणि ती टिकवायची वाट मी बंद केली होती. अजून एक-दोन हंगाम असेच गेले असते, तर तिचं वाचणं बरोबरच्या बायकांसारखं कायमचं गेलं असतं.

परत आल्याबरोबर मी फळा काढला आणि शेठच्या दुकानात जाऊन सगळं सांगितलं. ते गजानं कापड मोजत होते. त्यांनी गज खाली ठेवला.

"म्हंजी कापड मोजलं मी, नेसनारं मानूस बघितलंच न्हाई," ते म्हणाले. "पन बाई, म्हयन्यावर तपासनी हाय. मुदत काढली तर आकडे पडनार. क वर्ग हातचा जानार."

"जाणार," मी म्हणाले.

"लगेच ठरवाया नको. आधी जुन्नरच्या काकांना इचारा. ते एवडं मोटं चालवत्यात, त्यांनी कायतरी बघितलं आसल."

मी एसटीडी बूथवरून फोन लावला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही आमचं रजिस्टर उतरवून नेलंत. आमचे वाचक कुठं राहतात, ते विचारलंच नाहीत. पायी दहा मिनिटांत येतात सगळे. सात दिवस त्यांच्यासाठी आहेत." आणि म्हणाले, घाटघरला जाऊन या, तिथं एक गुरुजी पुस्तकं चालवतात.

मग आम्ही दोघंही गेलो, शेठ आणि मी. जुन्नरहून पश्चिमेला एसटी चढत गेली तशी गावं विरळ झाली. भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबाचा धुरकट वास होता, अंगणांतून हिरडा वाळत घातला होता. गुरुजींचं वाचनालय म्हणजे शाळेच्या ओसरीवरची पत्र्याची पेटी. तरणे गृहस्थ, लाजाळू. वाचनालय म्हटलं की हसायला लागायचे.

"मुदत किती दिवसांची?" मी विचारलं.

"पाऊस लागायच्या आत घरोघर द्यायचं, उघडीप झाली की परत घ्यायचं," ते म्हणाले. "मधे चार महिने कोण कुठं येणार?"

त्यांनी एक पुस्तक उघडून शेवटच्या पानाला चिकटवलेला कागद दाखवला. त्यावर नावं होती. काही वळणदार, काही वेडीवाकडी, काही ठिकाणी नुसती खूण. वाचणाऱ्याच्या नावापुढं ऐकणाऱ्यांची नावं.

"परत कधी आलं ते मी लिहीत नाही," गुरुजी म्हणाले. "कुणाकुणाच्या घरून आलं, तेवढं लिहितो. नवीन पुस्तकं आणायची वेळ आली की हाच कागद बघतो. कुठल्या घरी काय चाललं ते कळतं."

शेठनं तो कागद उजेडात धरला आणि एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले. त्यांच्याकडे बघून मला वाटलं, हा माणूस दुसऱ्याच्या दुकानात बसलाय. त्यांनी माझी वही मागून घेतली आणि जुन्नर, आपण, या दोन रकान्यांच्या शेजारी तिसऱ्या रकान्याची रेघ मारली. येताना गाडीत बोलणं संपत नव्हतं. जुन्नरच्या पूर्वेचं आण्याचं पठार कोरडं, माणसं कामाला लांब जातात, तिथं पुस्तकं कशी चालत असतील? डोंगरातल्या दुसऱ्या गावांचं काय? आपल्यासारखं कोण, हे शोधायचं काम केवढं मोठं आहे, हे आम्हाला तेव्हा कुठं उमगत होतं. जुन्नरचं सगळंच टाकायचं नव्हतं. बायकांची दुपारची वेळ आम्ही घेतली, ती पुढं वर्षानुवर्षं चालली.

तपासणीला तीन आठवडे असताना समितीची बैठक झाली. मुदत उठवायचं म्हटल्यावर दोघांनी विरोध केला. महिनाभर थांबा, तपासणी होऊन जाऊ द्या, मग उठवा, असं त्यांचं म्हणणं. ते चूकही नव्हतं. शेठ म्हणाले, "म्हयन्याभरात मळ्यातला कांदा साठवनीच्या बराखीत पडंल. मंग त्या बाया कुटं एका जागी बसनार? आत्ताच काय ते." आणि सही केली.

निरीक्षक आले. भले गृहस्थ होते. आकडे अचानक का पडले ते त्यांनी विचारलं, आम्ही सांगितलं. पुस्तकांना नव्यानं चिकटवलेले कागद त्यांनी चाळले, मान डोलावली. पण त्यांच्या छापील तक्त्यात ऐकणाऱ्यांसाठी जागा नव्हती. आम्ही ड ते डच राहिलो. भिंतीवरच्या आराखड्यातलं तिसरं वर्ष पुढं किती वेळा खोडून लिहिलं, त्याचा मी हिशेब ठेवला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मोठ्या खोलीची स्वप्नं मीच जास्त पाहिली होती.

निरीक्षक येऊन जायच्या आधीच, बैठक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी एक कादंबरी घेऊन मळ्यात गेले होते. सोनामावशीनं पुस्तकाला हात लावला नाही. "तुमीच वाचा," म्हणाली. मी बाभळीखाली बसले आणि वाचू लागले. वावरातलं वाचन उरकून मग रोज वाचनालय उघडायला जायचे. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी ती खाली मान घालून पात कापत राहिली. मी मुद्दाम जरा अडखळून पाहिलं, तरी तिनं वर बघितलं नाही. बाकीच्या जणी हसायच्या, हळहळायच्या, कादंबरीतल्या सासऱ्याला शिव्या द्यायच्या. तिचा विळा तेवढा चालू.

चौथ्या दिवशी घसा कोरडा पडला म्हणून मी पुस्तक पालथं ठेवून विहिरीकडे गेले. पाणी प्याले, तोंडावर मारलं. परत येताना लांबूनच माझ्या लक्षात आलं की विळ्यांचा आवाज थांबलाय.

सोनामावशीनं पदराला हात पुसून पुस्तक मांडीवर घेतलं होतं. बोट ओळीवर होतं. एका शब्दाशी ते अडलं होतं आणि ती ओठ हलवून तो पुन्हा पुन्हा जुळवत होती. दहाच्या दहा जणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या, एकीलाही तो शब्द ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता. जिभेवर आला होता. मी ओल्या हातानं पदर धरून तिथंच उभी राहिले. बोट हललं. शब्द निघाला, सबंध निघाला, मग पुढचा, मग एक पूर्ण वाक्य.

तिनं मान वर केली, मला बघितलं आणि जरा सरकून जागा केली.

"बसा बाई," ती म्हणाली. "गप ऐका. फुडं काय झालं, ते मला बी अजून म्हाईत न्हाई."